बापाचं नाव न मिळालेला माणूस, ज्यानं दगडाखालच्या किड्यांची नोंद केली

शेताच्या बांधावरचा एखादा मोठा दगड कधी उलटा करून बघितलाय का? पाऊस नुकताच उघडलेला असेल, दगडाखाली ओल असेल, तर तिथं हमखास पाच-सात राखाडी किडे दिसतात. करंगळीच्या नखाएवढे. पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं कवच, पोटाखाली बारीक पायांची रांग. उजेड पडला की त्यांची पळापळ सुरू होते. काहींना काडी लावली की अंग मुडपून गोळी होऊन बसतात. गोठ्यामागच्या उकिरड्यात, कुंडीखाली, विहिरीच्या दगडांच्या फटीत, जुन्या लाकडांच्या ढिगात, सगळीकडे हे असतात.

आपण वाणी किंवा पैसा म्हणतो तो लांबट, ढीगभर पायांचा किडा वेगळा. हा आखूड असतो आणि पाय मोजले तर बरोबर चौदा भरतात. या लेखापुरतं आपण त्याला गोळीकिडा म्हणू. याच्या सगळ्याच जाती गोळी होत नाहीत, पण ओळख पटायला नाव बरं आहे.

गावात याला कुणी विचारत नाही. शास्त्रात मात्र या सगळ्या खानदानाला नाव आहे, ओनिस्किडिया. आणि शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्या नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतं: लात्रेय, १८०२.

पिएर आन्द्रे लात्रेय हे फ्रान्समधले कीटकशास्त्रज्ञ. त्यांना जाऊन जवळपास दोनशे वर्षं होत आली. ज्या माणसानं जगभरातल्या किड्यांना नावं दिली, त्याला जन्मल्यावर स्वतःच्या बापाचं नाव मिळालं नव्हतं. आणि पुढे मरण दारात उभं असताना त्याचा जीव वाचवला तो एका छोट्याशा भुंगेऱ्यानं. ही त्यांची गोष्ट आहे. ती फ्रान्सच्या एका गावात सुरू होते आणि आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखापर्यंत येऊन पोहोचते.

पोरकं पोर

२९ नोव्हेंबर १७६२. फ्रान्सच्या मध्यभागाकडच्या ब्रीव्ह नावाच्या गावात एक मुलगा जन्मला. बाप सरदार घराण्यातला, सैन्यातला मोठा अधिकारी. पण लग्नाशिवाय झालेलं मूल म्हणून त्यानं या पोराला आपलं म्हटलंच नाही. आई कोण होती हे कागदावर आलंच नाही. जन्मल्याबरोबर पोर पोरकं झालं.

त्या काळात अशा मुलांचे फार हाल व्हायचे. पण याचं नशीब थोडं बरं. गावातल्या एका डॉक्टरनं त्याच्याकडे लक्ष दिलं, मग एका व्यापाऱ्यानं सांभाळलं. पुढे एका उमराव घराण्याच्या आधारानं तो १७७८ मध्ये पॅरिसला शिकायला गेला. वय पंधराच्या आसपास.

लात्रेय हे आडनावसुद्धा त्यांचं जन्माचं नव्हे. कुणीतरी पाडलेलं टोपणनाव होतं, ते चिकटलं. कायद्यानं ते नाव त्यांना मिळालं थेट १८१३ मध्ये, म्हणजे वयाच्या पन्नाशीत. तोपर्यंत त्याच नावानं त्यांची पुस्तकं छापून झाली होती, युरोपभर ते ओळखले जात होते. सरकारी कागद मात्र उशिरा आला. आपल्याकडं सातबाऱ्यावर नाव चढायला पिढी जाते, हे ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही.

पॅरिसमध्ये शिक्षण चाललं होतं ते धर्मगुरू होण्यासाठी. पोरक्या, पैसा नसलेल्या हुशार मुलाला त्या काळी तोच रस्ता मोकळा असायचा. १७८० मध्ये ते लिमोज गावच्या धर्मशाळेत दाखल झाले आणि १७८६ मध्ये तिथून बाहेर पडले. पण मन पहिल्यापासून दुसरीकडेच होतं. पॅरिसला असताना राजाच्या बागेत जायचं, झाडंझुडपं बघायची, शहराबाहेर भटकून किडे पकडायचे. तिथंच वनस्पतींचे धडे घेताना त्यांची लामार्क या मोठ्या अभ्यासकाशी ओळख झाली. ही ओळख पुढं जन्मभर कामाला आली.

धर्मगुरूचं काम त्यांनी प्रत्यक्षात कधी केलं नाही. पण सहीखाली काही वर्षं ते स्वतःला धर्मगुरू लिहीत राहिले. हीच गोष्ट पुढे जिवावर बेतणार होती.

शपथ राहिली

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. राजाची सत्ता गेली, सरदारांचे हक्क गेले, चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या. १७९० मध्ये नवा कायदा आला. प्रत्येक धर्मगुरूनं नव्या सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची. घेतली नाही तर तो देशाचा शत्रू.

लात्रेय यांनी शपथ घेतली नाही. चर्चमध्ये कधी उपदेश न करणारा, किड्यांच्या मागे फिरणारा हा माणूस सरकारी यादीत मात्र धर्मगुरूच होता. यादी बघून काम करणारं सरकार माणूस बघत नाही. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्यांना धरलं आणि बोर्डो शहरातल्या तुरुंगात टाकलं.

ते दिवस फ्रान्समध्ये दहशतीचे होते. रोज माणसं मारली जात होती. तुरुंगातल्या धर्मगुरूंचं काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. लात्रेय त्या वेळी ३१ वर्षांचे होते.

तुरुंगातला भुंगेरा

एके दिवशी कैद्यांना तपासायला तुरुंगाचे डॉक्टर आले. बाकीचे कैदी खचलेले. एक माणूस मात्र जमिनीकडे एकटक बघत होता. त्याच्या नजरेसमोर एक बारीक भुंगेरा चालला होता. अर्धा सेंटीमीटरच्या आसपास लांबी, मानेकडचा भाग तांबूस, मागचा भाग निळसर चमकदार.

डॉक्टरला नवल वाटलं. मरणाच्या दारात बसलेला माणूस किडा काय बघतोय? लात्रेय यांनी सांगितलं की हा भुंगेरा दुर्मीळ आहे. डॉक्टरनं तो उचलून नेला आणि बोर्डोमधल्या एका ओळखीच्या पोराला दिला. त्या पोराला किड्यांचा, झाडांचा फार नाद होता. त्याचं नाव बोरी द सँ व्हँसाँ आणि वय फक्त १५.

आता इथं लक्ष द्या. त्या पोराला भुंगेरा तर ओळखता आलाच, पण भुंगेरा पाठवणारा माणूस कोण हेही त्याच्या लक्षात आलं. लात्रेय यांचं काम त्याला माहीत होतं. असा माणूस मरता कामा नये म्हणून त्यानं धावाधाव केली, ओळखी लावल्या आणि लात्रेय यांची सुटका करून घेतली. सोबतच्या आणखी एका कैद्याचीही. मागं राहिलेल्यांपैकी महिनाभरानं कुणीही जिवंत नव्हतं, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्याकडचा नववी-दहावीतला पोरगा. किड्यांचा नाद म्हणजे वेळ घालवणं, असं त्यालाही घरी कुणी म्हटलं असेल का कोण जाणे. पण त्या नादानं दोन माणसांचे जीव वाचवले. हाच बोरी पुढे स्वतः मोठा निसर्ग अभ्यासक झाला, हिंदी महासागरातल्या बेटांवर जाऊन त्यानं काम केलं.

त्या भुंगेऱ्याचं शास्त्रीय नाव नेक्रोबिया रुफिकोलिस. तो काही नवा शोध नव्हता. डेन्मार्कच्या फाब्रिसियस या अभ्यासकानं १७७५ मध्येच त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. म्हणजे वहीत नोंद आधीच होती, म्हणूनच तो ओळखता आला. हा किडा मेलेल्या जनावराचं सुकं मांस, हाडं, कातडं यावर जगतो. त्याचाच तांबड्या पायांचा भाऊबंद खोबऱ्याला आणि सुक्या मासळीला लागतो. खोबऱ्याच्या वखारीत काम केलेल्यांनी तो नक्की बघितला असेल.

पुन्हा अटक, पुन्हा सुटका

सुटल्यावर लात्रेय यांनी शिकवण्या घेतल्या आणि पोट भरलं. सोबत किड्यांवरचं काम चालूच. फाब्रिसियसशी पत्रव्यवहार सुरू होता. त्यांनीच भरीला घातलं म्हणून १७९६ मध्ये लात्रेय यांनी किड्यांच्या वर्गवारीचं पुस्तक छापलं, तेही पदरच्या पैशानं.

१७९७ मध्ये पुन्हा संकट आलं. त्यांना घरातच नजरकैदेत ठेवलं, पुस्तकं जप्त केली. या वेळी पॅरिसच्या निसर्ग संग्रहालयातले मोठे लोक, लामार्क, क्युव्हिए आणि लासेपेद, मदतीला धावले. पुढच्याच वर्षी, १७९८ मध्ये, त्याच संग्रहालयात लात्रेय यांना काम मिळालं. काम काय, तर जगभरातून आलेल्या किड्यांच्या पेट्या उघडायच्या, बघायच्या, जुळवायच्या, मांडायच्या.

पगार मोठा नव्हता, हुद्दाही नाही. पण हा माणूस तिथं तीस-पस्तीस वर्षं बसला आणि त्यानं किड्यांच्या जगाची अख्खी नोंदवही नव्यानं लिहून काढली.

भाऊबंदकी लावणारा माणूस

त्यांच्या आधी स्वीडनच्या लिनियसनं प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत पक्की केली होती. पण लिनियसच्या यादीत कीटक, कोळी, खेकडे आणि आपला गोळीकिडा, सगळे एकाच मोठ्या पोत्यात भरलेले होते. एखाद-दुसरी खूण बघून वर्गवारी व्हायची. पंख बघायचे, किंवा तोंडाचे भाग बघायचे.

लात्रेय म्हणाले, असं नाही चालणार. पाय, पंख, मिशा, तोंड, शरीराचे भाग, सगळं बघायचं आणि मग ठरवायचं कोण कुणाचा भाऊबंद. गावात नुसत्या आडनावावरून भावकी ठरत नाही, घरं माहीत असावी लागतात, तसंच हे. त्यांनी जवळजवळच्या किड्यांची कुळं लावली. कीटकशास्त्रात कुळ ही पायरी पक्की झाली ती मुख्यतः त्यांच्या कामामुळे.

आज आपल्या शेतात, घरात जे किडे आहेत त्यांच्या कुळाच्या नावापुढे लात्रेय हे आडनाव कितीदा येतं बघा. ऊस आणि भुईमुगाची मुळं खाणारी हुमणी ज्या भुंगेऱ्यांची अळी आहे, त्यांचं कुळ: लात्रेय, १८०२. वाळवीचं सगळ्यात मोठं कुळ: लात्रेय, १८०२. मधमाशीचं कुळ: लात्रेय, १८०२. मावा खाऊन शेतकऱ्याला मदत करणाऱ्या ठिपकेवाल्या ढालकिड्याचं कुळ: लात्रेय, १८०७. मुंग्यांचं कुळ: लात्रेय, १८०९. पिसवांचा पूर्ण गण: लात्रेय, १८२५. लाकडात भोक पाडून राहणारा काळा भुंगा, त्याच्या प्रजातीचं नावही त्यांचंच. आणि कुत्र्याच्या कानात चिकटून बसणारी तपकिरी गोचीड? तिचं पहिलं वर्णन लिहिलं लात्रेय यांनीच, १८०६ मध्ये. काही काळ त्यांनी पॅरिसजवळच्या आल्फोर इथल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या शाळेत प्राणिशास्त्र शिकवलंही.

१८१० मध्ये त्यांनी आणखी एक मोलाचं काम केलं. प्रत्येक प्रजातीसाठी एक जात नमुना म्हणून नेमून दिली. वाद झाला तर या नमुन्याशी ताडून बघायचं. जमिनीची मोजणी करताना हद्दीचा मूळ दगड शोधतात ना, तसा हा मूळ दगड. तीच पद्धत आजही जगभर चालते.

गोळीकिडा आणि खेकड्याचं नातं

आता परत दगडाखाली येऊ.

गोळीकिडा दिसायला किडा असला तरी तो खरा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, याला चौदा. हा ओढ्यातल्या खेकड्याच्या आणि कोळंबीच्या जातकुळीतला. त्याचे पूर्वज पाण्यात राहत होते, तिथून जमिनीवर आले. पाण्याची आठवण त्याच्या अंगात अजून शिल्लक आहे. तो श्वास घेतो पोटाच्या मागच्या भागातल्या पातळ पात्यांनी. माशाच्या कल्ल्यांसारखंच काम. कोरड्या भागातल्या बऱ्याच जातींच्या या पात्यांत हवेच्या बारीक नळ्या तयार झाल्यात. असा किडा उलटा करून बघितला तर मागच्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात, ती त्याची फुप्फुसं.

त्याची मादी अंडी जमिनीत टाकून जात नाही. पोटाखाली पाणी भरलेली पिशवी असते, पिल्लं त्यातच वाढतात. म्हणजे समुद्र सोडला, पण पिल्लांसाठी पाण्याची घागर बरोबर घेतली. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याला बाराच पाय असतात, शेवटची जोडी कात टाकल्यावर येते. कातही एकदम टाकत नाही. आधी मागचा अर्धा भाग, मग काही दिवसांनी पुढचा.

त्याच्या कातडीवर कीटकांसारखा मेणाचा थर नसतो. त्यामुळे अंगातलं पाणी भरभर उडून जातं. म्हणून तो दिवसा दगडाखाली लपतो, रात्री बाहेर पडतो. गोळी होणं हे शत्रूपासून वाचण्यासाठी तर आहेच, पण ओल धरून ठेवण्यासाठीही आहे.

लात्रेय यांनी यांच्या प्रजातींना दिलेली नावं मोठी गमतीची आहेत. एकीला नाव आर्माडिलो, म्हणजे चिलखतवाला. दुसरीला पोर्सेलिओ, ज्याचं मूळ आहे डुकराचं पिल्लू. पाठीचा गोल आकार बघा, पटेल. पुढे १८१७ च्या सुमारास त्यांनी यांचा आणि समुद्रातल्या यांच्या भाऊबंदांचा मिळून एक गण केला, आयसोपोडा. अर्थ सारख्या पायांचे. आजवर गोळीकिड्यांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. त्या सगळ्या लात्रेय यांनी उघडलेल्या त्याच खात्यात चढतात.

शेवटचे दिवस

१८१४ मध्ये लात्रेय फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १८२१ मध्ये सरकारनं मानाचा किताब दिला. ज्या देशानं मारायला काढलं होतं, त्याच देशानं छातीवर पदक लावलं. लामार्क यांची दृष्टी जात चालली तसं त्यांचं शिकवण्याचं आणि संशोधनाचं काम लात्रेय यांनी आपल्या खांद्यावर घेतलं. १८२९ च्या शेवटी लामार्क वारले आणि मग कुठे लात्रेय यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. वय होतं ६७. तोवर तब्येत ढासळली होती.

१८३० मध्ये पत्नी गेली. मूलबाळ नव्हतं. नात्यातल्या एका मुलीला त्यांनी दत्तक घेतलं होतं. बापानं नाकारलेल्या माणसानं दुसऱ्याच्या पोरीला आपलं नाव दिलं, एवढं इथं सांगावंसं वाटतं.

१८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली. लात्रेय यांनी एप्रिलमध्ये नोकरी सोडली आणि ते खेड्यात राहायला गेले. त्याच वर्षी फ्रान्सच्या कीटक अभ्यासकांची संघटना उभी राहिली, तिचं मानद अध्यक्षपद त्यांना मिळालं. नोव्हेंबरमध्ये ते परत आले. ६ फेब्रुवारी १८३३ रोजी मूत्राशयाच्या आजारानं त्यांचं निधन झालं.

संघटनेनं वर्गणी काढून पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांच्या कबरीवर नऊ फुटांचा दगडी स्तंभ उभारला. त्यावर बाकी मजकुराबरोबर त्या तुरुंगातल्या भुंगेऱ्याचाही उल्लेख आहे, लात्रेय यांना तारणारा म्हणून. माणसाच्या समाधीवर किड्याचे उपकार मानलेले असे फार थोडे दगड जगात असतील.

दूरचा माळ, आपल्यासारखाच

लात्रेय यांची नोंदवही आज कुठं कामाला येते, त्याचं एक उदाहरण बघू.

ब्राझीलच्या ईशान्य भागात काटिंगा नावाचा मोठा कोरडा मुलूख आहे. आठ लाख चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून जास्त. तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत काटिंगा म्हणजे पांढरं रान. कोरड्या हंगामात झाडांची पानं गळतात आणि सगळं रान पांढुरकं दिसतं, म्हणून हे नाव. काटेरी झुडपं, निवडुंग, खडकाळ जमीन. बहुतेक भागात वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आत पाऊस, तोही दोन-चार महिन्यांत आणि कधी येईल याचा भरवसा नाही. शास्त्रज्ञ अशा भागाला अर्धशुष्क उष्ण प्रदेश म्हणतात. माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला इथल्या वाचकांना हे वर्णन वाचून आपलाच माळ आठवेल. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था ज्वारी, तूर, भुईमुगावर काम करते, तीही याच प्रकारच्या प्रदेशासाठी आहे.

अशा कोरड्या भागात गोळीकिडे कुठून असणार, असं बरीच वर्षं वाटत आलं. ओल लागते त्यांना. त्यामुळे अभ्यासक दाट जंगलात जायचे, माळाकडे फारसं कुणी फिरकायचं नाही. अलीकडे तिथले अभ्यासक काटिंगामधल्या गुहा, दगडांच्या खालच्या जागा, पालापाचोळा तपासू लागले, आणि या भागात आधी कधी न नोंदलेल्या जाती सापडत गेल्या.

याला प्रादेशिक नवी नोंद म्हणतात. म्हणजे जात जगाला माहीत आहे, पण या मुलखात ती आहे हे पहिल्यांदाच कागदावर आलं. फेरफार नोंदीसारखं समजा. जमीन होतीच, आता उताऱ्यावर चढली.

नोंद करायची रीत सोपी वाटते, पण चिकाटीची आहे. किडा कुठं सापडला, कोणत्या तारखेला, दगडाखाली की पाल्यात, हे लिहायचं. नमुना स्पिरिटमध्ये ठेवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाय, मिशा, शेपटीकडची पाती बघायची. नर असेल तर ओळख पक्की होते. शेवटी जुन्या वर्णनांशी आणि मूळ नमुन्याशी ताडून बघायचं. लात्रेय यांनी घालून दिलेली शिस्त ती हीच.

कधी अशा तपासात परकी जातही निघते. लात्रेय यांनी १८०४ मध्ये नाव दिलेली पोर्सेलिओ लीव्हिस ही गुळगुळीत पाठीची जात माणसाच्या मालाबरोबर, कुंड्यांच्या मातीबरोबर फिरत फिरत जगाच्या बऱ्याच खंडांत पोहोचलीय, दक्षिण अमेरिकेतसुद्धा. मग कोण मूळचा आणि कोण पाहुणा हे कळायलाही नोंद लागते.

एवढं करून मिळतं काय?

शेतकऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच. उत्तर जमिनीत आहे. गळलेलं पान आपोआप माती होत नाही. आधी कुणीतरी ते कुरतडून बारीक करावं लागतं, मग बुरशी आणि जिवाणू त्याचं खत करतात. कोरड्या भागात ओल कमी, त्यामुळे कुजण्याचं काम आधीच मंद. तिथं वाळवी, वाणी, गोळीकिडे हेच पाला बारीक करणारे मजूर. गोळीकिडे चावत नाहीत, विष नाही, माणसाला रोग देत नाहीत. रोपवाटिकेत फार वाढले तर कोवळी रोपं कुरतडतात, हेही खरं. पण बांधावर आणि झाडाखाली ते आपलंच काम करत असतात.

आता माळ फुटतायत. दगड वेचून ट्रॉलीत भरले जातात, बांध सपाट होतात, पाला पेटवला जातो. दगड गेला की दगडाखालची ओल जाते आणि तिथं राहणारेही जातात. ज्याची नोंदच नाही, तो गेला तरी कुणाला कळत नाही. तुरुंगातल्या कैद्यांचं तेच झालं होतं. एकाचं नाव एका पोराला माहीत होतं म्हणून तो वाचला. बाकीच्यांसाठी धावणारं कुणी नव्हतं.

म्हणून घरात एखादं पोर दगड उलटे करून बघत असेल तर त्याच्यावर खेकसू नका. फक्त एक सांगा: आधी काठीनं दगड हलव, विंचू असू शकतो. मग मोबाईलवर किड्याचा वरून एक आणि जमलं तर खालून एक फोटो घे. तारीख, गाव आणि तो कुठं सापडला ते वहीत लिहून ठेव. शाळेत, कॉलेजात विज्ञान शिकवणारे गुरुजी किंवा मॅडम असतील, त्यांना दाखव.

आणि बघून झालं की दगड होता तसा परत ठेव.